किशोरवयीनांच्या मालिका : हंगामांची रचना आणि निवेदनाचे निर्णय

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस
• कथाकाल व कथनकाल यांतील भेद स्पष्ट करता येईल.
• मालिकेच्या हंगामरचनेमागील निवेदनविषयक निर्णय ओळखता येतील.
• अशा निर्णयाने काय साधते व काय गमावते, याचे विवेचन करता येईल.

प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, कादंबरी कोठे संपवायची हे कादंबरीकार ठरवतो. मालिकेच्या लेखकाला हे स्वातंत्र्य क्वचितच लाभते. लोकप्रिय मालिका चालू राहावी असे वाहिनीला वाटते; किशोरवय मात्र कोणासाठी थांबत नाही. शाळा संपते, नटही मोठे होतात. किशोरवयीन मालिकांच्या ज्या रचना आपल्याला विचित्र वाटतात, त्यांतील अनेकींचे मूळ या विसंगतीत आहे. येथे आपण अशा तीन रचना पाहू.

विषय-विवेचन

प्रथम दोन संज्ञा ध्यानात घ्या. घटना ज्या काळात घडतात तो कथाकाल. त्या सांगण्यास जो अवधी लागतो तो कथनकाल. फ्रेंच अभ्यासक झेरार झनेत यांनी या दोहोंच्या संबंधांची पद्धतशीर मांडणी केली. कथाकाल पुढे सरकतो, पण त्याविषयी काहीच सांगितले जात नाही, अशा स्थितीला 'लोप' म्हणतात.

अमेरिकेत मालिकेचा हंगाम, म्हणजे 'सीझन', परंपरेने शरदात सुरू होऊन वसंताच्या अखेरीस संपतो. शाळेचे वर्षही साधारणतः तसेच असते. त्यामुळे एक हंगाम म्हणजे एक शालेय वर्ष, हा मेळ स्वाभाविक ठरतो. तो मोडला जातो तेथे लेखकाचा निर्णय दिसू लागतो.

*(अ) काळ वगळणे* : 'वन ट्री हिल' (२००३–२०१२) या अमेरिकी मालिकेने शाळेची शेवटची दोन वर्षे चार हंगामांत रंगवली. पाचव्या हंगामाने, २००८ साली, एकदम चार वर्षांची उडी घेतली आणि महाविद्यालयीन जीवन वगळले. पात्रे नटांच्या वयाजवळ आली, हा लाभ झाला. परंतु लुकास आणि पेटन यांचे नाते ज्या काळात तुटले, तो काळ प्रेक्षकाने त्यांच्यासोबत जगलेलाच नाही. त्याला ते पूर्वस्मृतींतून नंतर कळते. येथे लोप हे वर्षे वाचवण्याचे साधन आहे, तसेच ते रहस्य निर्माण करण्याचेही साधन आहे.

*(आ) पात्रे बदलणे* : 'स्किन्स' (२००७–२०१३) ही ब्रिटिश मालिका ब्रिस्टल शहरात घडते. विद्यापीठापूर्वीचे शिक्षण तेथे दोन वर्षांचे असते. म्हणून दर दोन हंगामांनंतर जवळजवळ सर्व पात्रे निरोप घेतात आणि नवी पिढी येते. बहुतेक भागांना एकेका पात्राचे नाव आहे. पहिल्या हंगामात बहुतांशी मूक असलेली एफी दुसऱ्या पिढीत केंद्रस्थानी येते. तीच दोन पिढ्यांमधील दुवा ठरते. ही रचना वयाशी प्रामाणिक आहे. मात्र प्रेक्षकाला आपली जवळची माणसे सोडावी लागतात.

*(इ) दृष्टी बदलणे* : 'स्काम' (२०१५–२०१७) ही नॉर्वेच्या सार्वजनिक वाहिनीची मालिका. तिची छोटी दृश्ये, ज्या दिवशी व ज्या वेळी ती कथेत घडतात, त्याच सुमारास संकेतस्थळावर प्रसिद्ध होत. आठवड्याअखेर त्यांचा एक भाग बने. कथेतील घडी आणि प्रेक्षकाची घडी एकच झाली. चार हंगामांत केंद्रस्थानी अनुक्रमे एवा, नूरा, इसाक आणि साना आहेत. मित्रपरिवार तोच, पाहणारे डोळे वेगळे. साना ही मुस्लिम मुलगी आधी आपल्याला तिच्या रोखठोक बोलण्यामुळे ठाऊक असते. चौथ्या हंगामात तिच्या दृष्टीने पाहताना, मैत्रिणींच्या घोळक्यातही तिला परके का वाटते, हे उमगते. तीन हंगाम ती आपल्यासमोरच होती. आपण तिच्या जागी उभे नव्हतो. निवेदनदृष्टी हा केवळ तंत्राचा प्रश्न नाही, ही गोष्ट येथे प्रत्ययास येते.

समारोप

तिन्ही मालिकांपुढील प्रश्न एकच होता : सरणारे वय न सरणाऱ्या कथेत कसे बसवावे? एकीने काळ वगळला, दुसरीने माणसे बदलली, तिसरीने दृष्टी फिरवली. म्हणून एखादी रचना विचित्र वाटली, तर तिला लगेच दोष म्हणू नका. तिने काय सांगितले यासोबतच काय न सांगण्याचे ठरवले, आणि ते कोणाच्या वाट्याचे होते, हे विचारा. कादंबरी वाचतानाही हाच प्रश्न आपल्याला उपयोगी पडेल.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. 'लोप' ही संज्ञा 'वन ट्री हिल'च्या आधारे स्पष्ट करा.
२. 'स्काम'मधील सानाच्या उदाहरणावरून निवेदनदृष्टीचे महत्त्व विशद करा.
३. 'दिल दोस्ती दुनियादारी' या मराठी मालिकेनंतर २०१७ मध्ये आलेल्या 'दिल दोस्ती दोबारा'त प्रमुख नटसंच तोच ठेवून पात्रे व कथा बदलली होती. या निर्णयाची 'स्किन्स'च्या रचनेशी तुलना करा.
४. आपण वाचलेल्या एखाद्या मराठी कादंबरीतील गौण पात्र केंद्रस्थानी आणल्यास कथेचा अर्थ कसा बदलेल, ते दहा-बारा ओळींत लिहा.