नदीपलीकडचा मुलूख

प्रस्तावना

जिल्ह्याचा नकाशा आपण शाळेच्या भिंतीवर किंवा सरकारी कचेरीत पाहिलेला असतो. त्यावरील निळ्या रेषा म्हणजे नद्या, एवढे आपल्याला ठाऊक असते. पण त्या रेषांनी तेथील माणसांचे जीवन कसे घडवले, हे आपण सहसा विचारीत नाही. या पाठात अमेरिकेतील एका किनारी काउंटीची ओळख करून घेऊ. काउंटी म्हणजे स्थूलमानाने आपल्याकडील जिल्हा.

मूळ पाठ

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दक्षिण कॅरोलिना हे राज्य आहे. त्याच्या ईशान्य टोकाला, अटलांटिक महासागराला लागून ‘ओरी’ काउंटी वसली आहे. इंग्रजी लेखनात या नावाच्या आरंभी ‘एच’ हे अक्षर येते, परंतु त्याचा उच्चार होत नाही. पीटर ओरी हे अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील एक सेनानी. त्यांचे घराणे मूळचे फ्रेंच, म्हणून उच्चारही फ्रेंच वळणाचा. नवखा माणूस ‘हॉरी’ म्हणतो आणि तेथेच ओळखला जातो! १८०१ साली या प्रदेशाला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा व हे नाव मिळाले. तिचे भूक्षेत्र सुमारे २,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याहून काहीसे लहान आहे.

या काउंटीची खरी ओळख मात्र तिच्या पाण्यात आहे. पश्चिमेच्या सीमेवर लिटल पी डी नदी आणि मधोमध वाकामॉ नदी वाहते. वाकामॉची गंमत अशी, की ती समुद्रापासून अवघ्या काही मैलांवर असूनही समुद्राकडे वळत नाही. फार प्राचीन काळी किनारा आजच्यापेक्षा आत होता. त्या काळच्या वाळूच्या लांबट उंचवट्यांनी तिची वाट अडवली आहे. त्यामुळे ती किनाऱ्याला समांतर, संथपणे नैर्ऋत्येकडे जाते आणि शेजारच्या जॉर्जटाउनजवळ उपसागराला मिळते. कुजलेल्या पानांच्या अर्कामुळे तिचे पाणी काळ्या चहासारखे दिसते. दोन्ही तीरांवर मैलोन्‌मैल दलदलीची अरण्ये आहेत.

नद्या आणि दलदल यांनी या मुलखाला जगापासून तोडले. जॉर्जटाउनकडे गुलामांच्या श्रमावर भातशेतीच्या प्रचंड जमीनदाऱ्या उभ्या राहिल्या. ओरीत गुलामगिरी होतीच, पण अशा जमीनदाऱ्या थोड्या. येथे मुख्यतः लहान शेतकरी राहिले. बाहेरच्यांशी संबंध कमी, म्हणून लोक या भागाला ‘ओरीचे स्वतंत्र प्रजासत्ताक’ म्हणू लागले. हे नाव थट्टेचे की अभिमानाचे, ते ऐकणाऱ्याने ठरवावे.

त्या काळी उपजीविका होती ती पाइन वृक्षांवर. झाडाच्या खोडाला खाच पाडून चीक गोळा करीत, आणि त्यापासून टर्पेंटाइन व राळ काढीत. लाकडी जहाजांना या मालाची गरज असे. पुढे जंगले विरळ झाली, तसा शेतकरी तंबाखूकडे वळला. काउंटीचे मुख्य ठिकाण असलेल्या कॉनवे येथे १८८७ मध्ये रेल्वे आली.

समुद्रकाठच्या रेताड जमिनीची तेव्हा कोणालाच किंमत नव्हती. कॉनवेतील बरोज कुटुंबाच्या कंपनीने १९०० च्या सुमारास तेथवर रूळ टाकले आणि १९०१ मध्ये एक साधे हॉटेल बांधले. वाळूत वाढणाऱ्या एका सुगंधी झुडपावरून त्या वस्तीला ‘मर्टल बीच’ हे नाव मिळाले. १९३६ मध्ये नौकांसाठी किनाऱ्यालगतचा कालवा पूर्ण झाला आणि समुद्रकाठची पट्टी मुख्य भूमीपासून पाण्यानेच वेगळी झाली. तेव्हापासून समुद्रावर जायचे तर पूल ओलांडावा लागतो.

सागर सर्वांचा, असे आपण म्हणतो. पण वर्णभेदाच्या त्या काळात बहुतेक किनारा गोऱ्यांसाठी राखीव होता. ज्या कृष्णवर्णीयांनी हॉटेलांत स्वयंपाक करावा, चादरी धुवाव्यात, त्यांनाच त्या पाण्यात उतरण्याची मुभा नव्हती. १९३४ मध्ये जॉर्ज टायसन या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने किनाऱ्याचा एक तुकडा विकत घेतला. तेथे ‘अटलांटिक बीच’ हे गाव उभे राहिले. १९६८ मध्ये आजूबाजूच्या चार वस्त्या एकत्र येऊन एक शहर झाले. हे गाव मात्र त्यात विलीन झाले नाही. आजही ते आपल्या चिमुकल्या सीमेत वेगळेच आहे.

१५ ऑक्टोबर १९५४ रोजी ‘हेझल’ चक्रीवादळाने किनाऱ्यावरील घरे मोठ्या प्रमाणावर उद्ध्वस्त केली. माणसे किनारा सोडून गेली नाहीत. उलट जुन्या कुटीरांच्या जागी मोठी निवासगृहे आली. मग गोल्फची मैदाने, मग निवृत्तांच्या वसाहती. उत्तरेकडील थंडीला आणि जड करांना कंटाळलेली वृद्ध जोडपी येथे घर घेऊ लागली. २००० मध्ये १,९६,६२९ असलेली लोकसंख्या २०२० मध्ये ३,५१,०२९ झाली. ही वाढ मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांची आहे.

नव्या रहिवाशांनी समुद्र पाहून घर घेतले. नदी त्यांनी पाहिली नव्हती. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘फ्लॉरेन्स’ चक्रीवादळ १४ तारखेला उत्तर कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर आले. वारा शमला, ऊन पडले. परंतु शेजारच्या राज्यात कोसळलेला पाऊस नद्यांतून संथपणे खाली येत होता. कॉनवे येथे वाकामॉचे पाणी ११ फुटांवर गेले की पूर आला असे मानतात. सुमारे बारा दिवसांनी तेथे ते २१ फुटांवर पोहोचले. निरभ्र आकाशाखाली पाणी उंबरठा ओलांडून घरात शिरत होते! समुद्रावरील हॉटेले सुरक्षित राहिली आणि आतल्या बाजूच्या, कालव्याकाठच्या सोकॅस्टीतील घरे बुडाली. त्यांपैकी काहींचे मालक दोन वर्षांपूर्वीच्या ‘मॅथ्यू’ वादळाच्या पुरानंतर नुकतेच सावरले होते.

दलदल हे पाणी धरून ठेवणारे भांडे असते. तेथे भराव घालून घरे बांधली, की तेच पाणी दुसऱ्याच्या दारी जाते. पण घर नाकारावे तरी कोणी? रोजगार बांधकामात आहे आणि शेत विकणाऱ्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला जन्मात पाहिला नव्हता एवढा पैसा मिळतो. कॉनवेच्या जुन्या रहिवाशाला विचारले, तर तो पावसाचा अंदाज सांगण्याआधी नदीची पातळी सांगतो.

शब्दार्थ
मुलूख – प्रदेश. राळ – झाडाच्या चिकापासून मिळणारा घट्ट पदार्थ. कुटीर – लहान, साधे घर. निरभ्र – ढग नसलेले.

पाठगत प्रश्न
१. वाकामॉ नदी जवळच्या समुद्राला थेट का मिळत नाही?
२. ‘निरभ्र आकाशाखाली पाणी घरात शिरत होते’, असे का घडले ते आपल्या शब्दांत लिहा.
३. अटलांटिक बीच हे गाव शेजारच्या शहरात विलीन का झाले नसावे? आपले मत मांडा.
४. आपल्या परिसरातील एखाद्या वृद्ध व्यक्तीला पूर्वी पाणी कोठवर येत असे ते विचारा व दहा ओळींत लिहा.