कीड सर्वेक्षण प्रपत्रातील निवडसूची : दिसणारे नाव आणि साठणारा संकेतांक

हरभऱ्यावरील घाटे अळी, कपाशीवरील अमेरिकन बोंडअळी आणि तुरीवरील शेंगा पोखरणारी अळी ही नावे तीन असली तरी कीड एकच आहे : हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. याउलट ‘खोडकिडा’ या एकाच नावाने भातावरील सिरपोफॅगा इन्सर्च्युलस आणि ज्वारीवरील चिलो पार्टेलस या दोन भिन्न किडी ओळखल्या जातात. संगणकीय प्रपत्रात केवळ प्रचलित नाव साठविल्यास एका किडीच्या नोंदी विखुरतात, तर दोन किडींच्या नोंदी एकत्र मोजल्या जातात.

विंडोज फॉर्म्सवर आधारित प्रपत्रातील निवडसूची, म्हणजेच कॉम्बो बॉक्स, यावर उपाय पुरविते. ‘डिस्प्ले मेंबर’ या गुणधर्मात पडद्यावर दिसणारे नाव, तर ‘व्हॅल्यू मेंबर’मध्ये साठवावयाचा प्रजातीचा संकेतांक ठरविता येतो. त्यामुळे पिकानुसार परिचित नाव दिसते. मात्र संकेतांक सर्व राज्यांत व सर्व भाषांत एकच राहतो.

प्रपत्र तयार करताना पुढील बाबी पाळाव्यात.

१. सूचीची शैली ‘ड्रॉपडाउन लिस्ट’ ठेवावी. टंकलेखनास मुभा दिल्यास ‘बोंडअळी’ आणि ‘बोंड अळी’ या दोन स्वतंत्र नोंदी होतात.

२. वरील दोन्ही गुणधर्म आधी निश्चित करून नंतर यादी जोडावी.

३. यादी जोडताच तिच्यातील पहिला पर्याय आपोआप निवडला जातो. म्हणून त्यानंतर ‘सिलेक्टेड इंडेक्स’ -१ करावा किंवा ‘कीड निवडा’ ही संकेतांकविरहित ओळ यादीत प्रथम ठेवावी व ती बदलल्याशिवाय नोंद जतन होऊ देऊ नये. या शैलीत यादीत नसलेला मजकूर ‘टेक्स्ट’ गुणधर्मातून दाखविता येत नाही.

४. जुनी नोंद उघडताना नावाऐवजी ‘सिलेक्टेड व्हॅल्यू’मध्ये संकेतांक द्यावा, योग्य नाव आपोआप दिसते.

५. ‘कीड आढळली नाही’ आणि ‘ओळख पटली नाही’ हे स्वतंत्र पर्याय असावेत. रिकामी नोंद आणि शून्य प्रादुर्भाव यांचा अर्थ एक नव्हे.

तिसऱ्या बाबीकडे दुर्लक्ष झाल्यास हानी थेट शेतात पोहोचते. कपाशीत कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस प्रतिदिन प्रतिसापळा ८ पतंग आढळणे ही गुलाबी बोंडअळीची आर्थिक नुकसानीची पातळी मानली जाते. यादीत पहिले नाव गुलाबी बोंडअळीचे असेल आणि अमेरिकन बोंडअळीचे पतंग मोजणाऱ्याने सूचीला हात न लावताच संख्या भरली, तर सल्ला चुकीच्या किडीसाठी दिला जातो. दोन्ही किडींचे ल्युअरही भिन्न आहेत : गुलाबी बोंडअळीसाठी गॉसिप्ल्युअर, तर हेलिकोव्हर्पासाठी हेलिल्युअर. चुकीच्या ल्युअरने सापळा रिकामा राहतो आणि शेतकरी निर्धास्त होतो.

म्हणून हंगामापूर्वी प्रत्येक पिकाच्या चाचणी नोंदी भराव्यात आणि पडद्यावरील नावाशी साठलेला संकेतांक ताडून पाहावा. एक नोंद मुद्दाम कीड न निवडता जतन करून पाहावी. प्रपत्राने ती नाकारली, तरच ते सर्वेक्षणास योग्य समजावे.