चावी काढली, तरी गाडी बंद होईना

अगं, काल फोनवर म्हणालीस, ‘ताई, चावी हातात आली तरी गाडी धडधडतच राहते’, आणि लगेच विचारलंस, इंजिनच बदलावं लागेल का? ते आधी मनातून काढून टाक. या दुखण्यात इंजिन बदलायची वेळ सहसा येत नाही. मात्र निदान न करता एकेक पार्ट बदलत बसलीस, तर पैसे जातील आणि दुखणं जिथल्या तिथे राहील. म्हणून सांगते, गॅरेजला जाण्याआधी तू स्वतः नीट बघ. अर्धं निदान तिथेच होतं.

सगळ्यात आधी, चालू आहे ते इंजिनच ना, याची खात्री कर. शीळफाट्याच्या कोंडीतून रखडत घरी आलीस की बऱ्याच गाड्यांचा रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही थोडा वेळ फिरतो. तो इंजिन थंड करत असतो, त्यात बिघाड काही नाही. स्टिअरिंगवर हात ठेव. थरथर जाणवली तरच ते इंजिन.

मग डॅशबोर्डकडे बघ. चावी बंद करूनही ऑइलचे, बॅटरीचे काटे-दिवे जागे आहेत, की सगळं विझलंय? दोन्हींची कारणं अगदी वेगळी आहेत आणि दुरुस्ती करणारा माणूससुद्धा वेगळा.

दिवे विझलेत आणि इंजिन आचके देत, खोकल्यासारखं काही सेकंद फिरून थांबतंय, असं असेल तर तो कार्बोरेटरच्या गाड्यांचा जुना आजार. सासऱ्यांची मारुती ८०० त्याच पिढीतली आहे. पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी मिश्रण पेटवते. चावी बंद केली की ठिणगी थांबते, पण पिस्टन अजून खाली-वर होत असतो आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढतच राहतो. आत साचलेला कार्बन किंवा प्लगचं टोक लालबुंद तापलेलं असेल, तर ठिणगीविनाच मिश्रण पेट घेतं. राखेखालच्या निखाऱ्यावर वाळकं पान पडलं की पेटतं ना, तसं.

इथे स्वस्तातल्या गोष्टीपासून सुरुवात कर. गाडीचा स्लो स्पीड जास्त ठेवलाय का? तो जास्त असला की थ्रॉटल थोडा उघडा राहतो आणि मिश्रण आत येत राहतं. हे स्क्रूने काही मिनिटांत जमतं. मग बघ, हे फक्त गाडी तापल्यावर होतं का? सकाळी थोडं फिरून आल्यावर होत नसेल, आणि मे महिन्यात घोडबंदर रोडच्या गर्दीतून आल्यावर हमखास होत असेल, तर कूलंट, थर्मोस्टॅट, पंखा तपासून घे. त्यानंतर इग्निशनचं टायमिंग, आणि प्लग गाडीला सांगितलेल्याच नंबरचे आहेत ना, तेही बघायला सांग. बऱ्याच कार्बोरेटरवर पेट्रोल तोडणारा छोटा सोलेनॉइड असतो. इंजिन सुरू न करता चावी फिरवली की बॉनेटखालून ‘टक्’ आवाज येतो. तो येत नसेल तर वायर निसटली असेल किंवा सोलेनॉइड गेला असेल. हेड उघडून कार्बन साफ करणं हे सगळ्यात शेवटी.

या कामाला कार्बोरेटरवर हात बसलेला जुना मिस्त्री तुमच्याच भागात शोध. कुर्ल्याला पद्मिनी बनायची त्या काळात तुमच्या कल्याण-शीळ रस्त्यावरही प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथे प्यूजो ३०९ बनली. २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले, तसा नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. त्यामुळे नुसत्या स्कॅनरवर शिकलेल्या पोराला हे दुखणं ओळखीचं नसेल, तर त्याचा दोष नाही.

आता दुसरी तऱ्हा. दिवे जळतायत आणि इंजिन काही झालंच नाही असं गुळगुळीत चालतंय. म्हणजे ठिणगी बंदच झालेली नाही, वीज कुठून तरी पोचतेय. अशा वेळी इंजिनवाला नको, ऑटो इलेक्ट्रिशियन गाठ. कुलूप घासलेलं असलं की चावी ‘ऑन’वरच निघून येते. इग्निशन स्विच आतून चिकटतो, रिले अडकतो, पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल जाते. नंतर बसवलेल्या म्युझिक सिस्टिम, अलार्म किंवा सीएनजी किटसाठी कुणी इग्निशनच्या वायरवर जोड मारून ठेवला असेल तर तेही सांग. इलेक्ट्रिशियनने मीटर लावून वीज कुठून येते ते दाखवल्याशिवाय पार्ट बदलू देऊ नकोस. इंजेक्शनच्या नव्या पेट्रोल गाडीत वीज तुटली की पेट्रोलही तुटतं, म्हणून तिथे संशय आधी वायरिंगवरच घ्यायचा.

भाऊजींची डिझेल गाडी असं करायला लागली, तर गोष्ट आणखी वेगळी. डिझेलला ठिणगी लागतच नाही, दाबाच्या उष्णतेने ते पेटतं. ते थांबतं डिझेल तोडल्यावर, म्हणून जुन्या पंपाच्या गाडीत आधी स्टॉप सोलेनॉइड किंवा स्टॉप केबल बघायची. पण इंजिन आपोआप जोरात रेस होऊन धुराचे लोट निघू लागले, तर टर्बोतून ऑइल आत जाऊन तेच जळत असण्याची शक्यता असते. तेव्हा बॉनेट उघडायला जाऊ नकोस. सगळ्यांना घेऊन लांब उभी राहा.

एरवी गाडी बंद होत नसेल तर एवढं कर. समोर माणूस नाही हे बघ, हँडब्रेक ओढ, पायाने ब्रेक घट्ट दाब, टॉप गिअर टाक आणि क्लच सोड. इंजिन गुदमरून थांबेल. रोज मात्र असं करत राहू नकोस, त्याने इंजिनला झटके बसतात.

आणि एक गोष्ट माझ्यासाठी पाळ. सोसायटीच्या बंदिस्त पार्किंगमध्ये चालू इंजिन सोडून कधीही वर जाऊ नकोस. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. बटणाच्या गाडीत तर चावी पर्समध्ये आली म्हणजे इंजिन थांबलं असं मुळीच नाही.

उद्या गॅरेजला जाशील तेव्हा कागदावर लिहून ने: दिवे विझले होते की नाही, इंजिन आचके देत होतं की गुळगुळीत, गाडी तापली होती की थंड, किती वेळ चाललं, हल्ली काय नवीन बसवलं. मिस्त्रीला आधी हे वाचून दाखव, मग त्याला बॉनेट उघडू दे. खर्चाचं आपण मिळून बघू. पण ही खोड जाईपर्यंत पोरांना गाडीत बसवून ‘आत्ता आले’ म्हणत दुकानात शिरू नकोस. ते आधी उतरतील, तू मागून.