जुनी लेन्स, नवा कॅमेरा

आजोबांच्या फिल्म कॅमेऱ्याची लेन्स कपाटात पडून असेल तर भंगारात देऊ नका. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यावर ती चालते; मध्ये अ‍ॅडाप्टर मात्र लागतो.

अ‍ॅडाप्टर म्हणजे धातूची पोकळ कडी. महत्त्व तिच्या जाडीला. निकॉनच्या जुन्या एफ लेन्सची बैठक फिल्मपासून ४६.५ मिमी दूर असते. सोनीच्या ई-माउंट कॅमेऱ्यात बैठक सेन्सरपासून १८ मिमीवर. उरलेले २८.५ मिमी कडीने भरायचे. (वजाबाकी प्राथमिक शाळेतलीच!)

आम्ही आधी स्वस्तातली कडी घेतली. अंगणातला फणस स्वच्छ दिसे, पण अणशीचा डोंगर धूसर. पावसाळी धुके समजून दोन दिवस लेन्सच पुसत बसलो! कडी किंचित जाड होती. जाड कडीने दूरचे कधीच स्पष्ट होत नाही. किंचित पातळ चालते, फक्त लेन्सवरचे अंतराचे आकडे जुळत नाहीत. म्हणून विकत घेण्याआधी दूरच्या झाडावर फोकस करून पाहा.

आत काच असलेला अ‍ॅडाप्टर इथे नको, त्याची गरजच नाही. आणि कॅमेऱ्याच्या मेनूत लेन्सविना शटर चालण्याची सोय सुरू करा, नाहीतर बटण दाबूनही फोटो निघणार नाही.