कुरणशाळा

मुलांनो, शाळेची घंटा आपल्या इतकी परिचयाची असते की, ती ज्यांच्यासाठी वाजतच नाही अशी मुले आपल्या आसपास आहेत, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. पनवेल शहरास लागून असलेल्या करंजाडे गावाचेच पाहा. एके काळी हे भातशेतीचे खेडे होते. पुढे सिडकोने तेथे नवी वसाहत आखली आणि शेतांच्या जागी उंच इमारती उठू लागल्या. असल्या इमारती बांधणारे मजूर बहुधा दूरदूरच्या गावांहून येतात. काम चालेल तोवर ते बांधकामाच्या कडेला खोपटे घालून राहतात आणि काम संपले की बिऱ्हाड उचलून दुसरीकडे जातात. त्यांची मुलेही त्यांच्याबरोबर हिंडतात. आई घमेली वाहावयास गेली, म्हणजे दहा वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड येते. शाळा हाकेच्या अंतरावर आहे, तिचे दार उघडे आहे, फीही पडत नाही. तरी ही मुलगी शाळेत जाणार कशी?

आपल्याकडे हा प्रश्न दोन स्त्रियांनी एका टेकडीवर सोडवून दाखविला. ती हकीगत मी तुम्हांस सांगणार आहे. परंतु त्याआधी, शाळेचे दार नुसते उघडावयासच किती खटपट करावी लागली, हे ठाऊक असणे बरे.

१८८२ साली सरकारने हंटर साहेबांच्या अध्यक्षतेखाली शिक्षणाविषयी एक आयोग नेमला होता. त्याच्यापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन मांडले. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, मग तिच्यातील पैसा वरच्या वर्गांच्या शिक्षणावरच का खर्च व्हावा, असा त्यांचा रोकडा सवाल होता. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानास लागू केला. नामदार गोखले यांनी १९११ साली तसेच विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आणले; पुढल्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. देश स्वतंत्र झाल्यावर आपल्या संविधानाने असे ध्येय ठेवले की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलास मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे. त्या वेळची स्थिती काय होती? १९५१ च्या जनगणनेत शंभरांपैकी जेमतेम अठरा माणसांना लिहितावाचता येत होते. स्त्रियांत तर शंभरांत नऊही नव्हत्या.

शाळा वाढू लागल्या. तरीही पटावर नाव नसलेली मुले उरलीच. अशा मुलांविषयी बोलताना 'आईबापांनाच शिक्षणाची गोडी नाही' असे म्हणून मोकळे होण्याची मोठ्या माणसांना सवय असते. ह्या म्हणण्याइतके सोपे आणि निरुपयोगी दुसरे काही नाही.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ते म्हटले नाही. ताराबाईंचा जन्म १८९२ चा. त्या पदवीधर होत्या. भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्याबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते. लहान मुलांच्या शिक्षणाची माँटेसरीबाईंची पद्धत त्यांना फार मोलाची वाटे. परंतु तिची साधने महाग होती आणि ती शहरातील सुखवस्तू घरांपुरतीच राहत. ही पद्धत खेड्यातील गरिबाच्या मुलास कशी मिळेल, ह्या विचाराने त्या १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी आल्या. तेथे अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंचे आयुष्य तर ऐकण्यासारखे आहे. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीस घराच्या कोपऱ्यात बसविण्याची रीत होती. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, आणि पुण्यास दिवसा शिकवून रात्रशाळेत स्वतः शिकत राहिल्या. शाळेबाहेर राहणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी समजावून सांगावयास नको होते.

बोर्डीत बालवाडी निघाली. परंतु वस्तीवरची गरीब मुले तेथे येईनात. मग बाईच वस्तीवर गेल्या. एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेतले आणि तेथेच मुले बसविली. अंगणात भरते ती अंगणवाडी! आज देशभर गावोगाव जो शब्द ऐकू येतो, तो येथून निघाला आहे. साधने विकत आणावयाची नाहीत, असे ठरले. मोजावयास खडे, शिंपले आणि बिया. रंग ओळखावयास पाने व फुले. मुलांची नखे काढणे, त्यांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे हा अभ्यासाचाच भाग असे.

१९५७ च्या सुमारास हे काम डहाणूजवळच्या कोसबादच्या टेकडीवर आले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात मोडतो. येथली वस्ती बहुतांशी वारली आदिवासींची. तेथे शाळा मांडली, तरी मोठी मुले दिसेनात. शोध घेता कळले की, ती गुरे राखावयास रानात जातात. गुरे राखणारा मुलगा म्हणजे घरातील एक कमावता हात होय. त्याला शाळेत बोलावणे म्हणजे घरच्यांच्या तोंडचा घास कमी करणे. मुलगा कुरण सोडू शकत नाही. मग शाळेने घर सोडावे! शिक्षक कुरणात गेले. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसून अक्षरे गिरवीत आहेत, अशी ती कुरणशाळा. गुरांवर डोळा ठेवावाच लागे. एखादे ढोर भलतीकडे गेले, तर धडा अर्ध्यावर सोडून धावणे आलेच. परंतु धडा पुन्हा सुरू होई, हे महत्त्वाचे. ज्यांना दिवसा मुळीच सवड नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग चालत. रात्री शाळा भरविण्याची कल्पना मात्र नवी नव्हती. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी शेतकरी व मजूर यांच्यासाठी १८५५ सालीच रात्रशाळा काढली होती.

आणि भावंडे सांभाळणाऱ्या मुली? त्यांच्यासाठी कोसबादला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही तिन्ही एकाच आवारात आणली. ह्या रचनेस 'विकासवाडी' असे नाव दिले. मुलगी भावंडास कडेवर घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसे. मला विचाराल तर कुरणशाळेपेक्षाही ही युक्ती अधिक खोल आहे. कुरणशाळेचे चित्र डोळ्यांत भरते, म्हणून तिची वाखाणणी अधिक होते, इतकेच.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९७२ मध्ये पद्मश्री मिळाली. ताराबाई १९७३ साली निवर्तल्या. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षे, म्हणजे १९९२ साली मृत्यू येईपर्यंत, अनुताईंनी हे काम पाहिले. 'कोसबादच्या टेकडीवरून' हे त्यांचे आत्मचरित्र तुम्ही मोठेपणी अवश्य वाचा. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांस 'अंगणवाडी' हेच नाव दिले गेले.

कोसबादचा हा विचार इतरांनीही निरनिराळ्या रीतींनी आचरणात आणला आहे. ठाणे जिल्ह्यातील वीटभट्ट्यांवर मजुरांच्या मुलांसाठी भोंगाशाळा निघाल्या. भट्टीवरच्या मजुराच्या झोपडीस भोंगा म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. बीड, अहिल्यानगर ह्या भागांतून दिवाळीच्या आगेमागे हजारो कुटुंबे ऊसतोडीस बाहेर पडतात व उन्हाळ्यात परततात. म्हणजे शाळेचे अर्धे वर्ष बुडाले! त्यांच्या मुलांसाठी कारखान्यांजवळ साखरशाळा भरविल्या गेल्या. पुढे, मुलांनी गावीच राहावे म्हणून गावात हंगामी वसतिगृहेही चालविली गेली.

२००९ साली संसदेने शिक्षणहक्काचा कायदा केला व १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेत घेणे हे आता उपकाराचे नव्हे, तर कर्तव्याचे काम झाले आहे. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेचा दाखला यावयास उशीर झाला म्हणून मुलास ताटकळत ठेवता येत नाही. वर्षाच्या मध्यावर आलेल्या मुलासही घ्यावे लागते आणि त्याच्या वयास साजेल अशाच वर्गात बसवावे लागते. मागे राहिलेला अभ्यास त्याला वेगळा शिकवावा, असेही कायदा सांगतो. करंजाड्यास कामावर आलेल्या मजुराच्या मुलीस ह्या कायद्याने शाळेत नेता येते.

तिच्या कडेवरील भावंडाचे काय करावयाचे, हे मात्र त्या कायद्यात सापडत नाही. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली जो कायदा झाला, त्याने पन्नासाहून अधिक स्त्रिया जेथे कामावर असतील तेथे त्यांच्या सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली राखावी, असे ठरविले होते. चार-पाच मजल्यांच्या साध्या इमारतीवर पन्नास स्त्रिया कोठून असणार? तेथे अंगणवाडीचाच आधार. अंगणवाडीच्या वर्गात बसते ते तीन वर्षांपुढचे मूल. बहिणीच्या कडेवरचे मूल पुष्कळदा त्याहून लहान असते.