दक्षिणेतलं फ्राइड चिकन : पाटीवरचा भाव आणि खिशातला खर्च

नॅशव्हिलमधल्या एखाद्या नावाजलेल्या हॉटेलात चिकनचं ताट १५ डॉलरला दिसतं. चौघांचे ६० होतील असं धरून आपण बसतो. चार आइस्ड टी मागवले की ७२ होतात. त्यावर नॅशव्हिलमधला एकूण विक्रीकर, तो जवळजवळ पावणेदहा टक्के, म्हणजे आणखी ७. वाढणाऱ्याची टिप १४. बिल ९३ वर जाऊन थांबतं. अमेरिकेत राहणाऱ्यांना याची सवय झालेली असते. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मात्र मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि गप्प बसतात.

म्हणून अटलांटा, नॅशव्हिल, मेम्फिस, न्यू ऑर्लिन्स अशी गाडीने भटकंती ठरवत असाल तर आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इथे चांगलं चिकन आणि महाग चिकन यांचा फारसा संबंध नाही. पूर्ण प्रवासात नावाजलेली दोन, फार तर तीन ठिकाणं निवडा. बाकीचं खाणं पेट्रोल पंपावर.

हो, पंपावरच. मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या राज्यांतल्या लहान गावांत पंपाच्या दुकानातच काचेच्या गरम कपाटात चिकन मांडलेलं असतं, आणि मागे कढईसारखा खोल फ्रायर चालू असतो. कुठे ‘क्रिस्पी क्रंची’ किंवा ‘चेस्टर्स’ अशी साखळीची पाटी असते, कुठे पाटीच नसते. दोन तुकडे, बटाट्याच्या जाड फोडी आणि एक बिस्किट (म्हणजे खारट, मऊ, लोण्याचा पाव) असा डबा साधारण ७ ते ९ डॉलरला पडतो. टिप नाही, टेबल नाही, गाडीच्या बॉनेटवर ठेवून खायचं. इथली सगळी मेख वेळेत आहे. सकाळी अकरा ते दुपारी एक या वेळात जा. बाहेर कामगारांचे पिकअप ट्रक उभे असतील तर गाडी वळवा. आत गेल्यावर ताजा घाणा कधी निघणार ते सरळ विचारा. दहा मिनिटं थांबायला सांगितलं तर थांबा, कारण दुपारी तीनला त्याच कपाटात उरलेला तुकडा चामड्यासारखा झालेला असतो आणि भाव मात्र तोच. मिसिसिपीतल्या ऑक्सफर्ड या विद्यापीठाच्या गावी ‘फोर कॉर्नर्स’ नावाच्या शेव्हरॉन पंपावर काडीला टोचलेलं चिकन मिळतं. मध्यरात्री विद्यार्थ्यांची तिथे रीघ लागते. चार-पाच डॉलरांत पोट भरतं.

पब्लिक्स या किराणा साखळीच्या डेलीतला आठ तुकड्यांचा डबा हा दुसरा स्वस्त पर्याय. साधारण १० ते १३ डॉलरला मिळतो आणि चौघांची सहल भागते. फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, टेनेसीत ही दुकानं आहेत. मिसिसिपीत शोधत बसू नका.

आता नावाजलेली ठिकाणं. नॅशव्हिलचं ‘प्रिन्सेस हॉट चिकन’ हे या प्रकाराचं मूळ घर. बाहेरख्याली थॉर्नटन प्रिन्सला अद्दल घडवायला त्याच्या मैत्रिणीने चिकनवर मिरचीचा मारा केला आणि पठ्ठ्याला ते आवडलं, ही १९३०च्या दशकातली गोष्ट घराण्यात सांगितली जाते. धंदा १९८० पासून त्याच्या नात्यातल्या आंद्रे प्रिन्स जेफ्रीज यांनी सांभाळला, आणि २०१३ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानचा ‘अमेरिकाज क्लासिक्स’ सन्मान मिळाला. कित्येक दशकं हे चिकन शहरातल्या कृष्णवर्णीय वस्तीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. २००७ मध्ये तेव्हाचे महापौर बिल पर्सेल यांनी हॉट चिकनचा महोत्सव सुरू केला आणि मग मात्र सगळं शहर त्यामागे लागलं. २०१२ मध्ये निघालेलं ‘हॅटी बीज’ आज पर्यटकांत जास्त गाजतं. तिथली रांग एखाद्या शनिवारी तासभर खाते. चव चांगली आहे, पण तासाभराची नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, दुपारी अडीच-तीनला गेलात तर उभं राहावं लागत नाही.

‘आम्ही कोल्हापूरचे’ हा आवाज इथे जरा खाली ठेवा. आपला तिखटपणा रश्श्यात असतो, सोबत भाकरी आणि कांदा असतो. इथे तळून काढलेल्या तुकड्यावर लाल मिरचीची पूड गरम तेलात किंवा चरबीत कालवून थेट फासतात. खाली पांढऱ्या पावाची चकती आणि वर काकडीचं लोणचं, बास. पहिल्यांदा ‘मीडियम’ मागवा. सगळ्यात वरची पातळी पैजेसाठी ठेवलेली असते. त्यात चव उरत नाही आणि १५ डॉलर टेबलावर तसेच राहतात.

मागवताना आणखी एक बचत. ‘डार्क’ म्हणजे तंगडी आणि मांडी, ‘व्हाइट’ म्हणजे छाती आणि पंख. व्हाइटला बहुतेक ठिकाणी एक ते तीन डॉलर जास्त पडतात, आणि अमेरिकन गिऱ्हाईक ते आनंदाने देतं. आपल्याला लेग पीसच हवा असतो. मांडीचं मांस तळणीत कोरडंही पडत नाही. म्हणजे कमी पैशांत जास्त रसाळ तुकडा. ही संधी सोडू नका.

नॅशव्हिल ते मेम्फिस साधारण २१० मैल. गॅलनला २५ मैल देणारी गाडी आणि ३ डॉलरचं पेट्रोल धरलं तर हा टप्पा २५ डॉलरांत होतो. वाटेत, आंतरराज्य ४० पासून जरा बाजूला, हायवे ७० वर मेसन नावाचं इवलंसं गाव आहे. ‘गसेस वर्ल्ड फेमस फ्राइड चिकन’चं मूळ दुकान तिथे. आता या नावाच्या शाखा अनेक राज्यांत आहेत आणि मेम्फिसच्या फ्रंट स्ट्रीटवरची शाखाही उत्तम आहे, पण वळसा छोटा असेल तर मेसनलाच थांबा. पातळ, लालसर, हलकं तिखट आवरण. ताटात बीन्स, कोबीचं कोशिंबिरीसारखं स्लॉ आणि पाव धरलेला असतो, त्यामुळे १० ते १४ डॉलरांत वेगळं काही मागवावं लागत नाही. हाडासकट तुकडा नीट तळायला पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात, म्हणून ऑर्डर दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटं बसवलं तर ती चांगली खूण समजा. तीन मिनिटांत ताट समोर आलं तर तो तुकडा आधीच तळून ठेवलेला असतो.

न्यू ऑर्लिन्सला ‘विली मेज’. विली मे सीटन यांनी १९५७ मध्ये बार म्हणून सुरू केलेल्या या जागेला २००५ मध्ये बिअर्ड सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी कतरिना वादळाने ती बुडवली. स्वयंसेवकांनी ती पुन्हा उभी केली. २०२३ मध्ये ट्रेमे भागातल्या त्या घराला आग लागली, म्हणून जुन्या प्रवासवर्णनातला पत्ता घेऊन निघू नका. चालू जागा आणि वेळ त्याच सकाळी तपासा. ओल्या पिठात बुडवून तळलेलं तिथलं आवरण काचेसारखं मोडतं. माणशी करासकट २० ते २५ डॉलर धरा. या प्रवासात एकाच ठिकाणी सढळ हात सोडायचा असेल तर मी इथे सोडेन.

अटलांटातलं १९४७ चं ‘बिझी बी कॅफे’ विसरू नका. जागा लहान, पार्किंगचं जमवून घ्यावं लागतं. सव्हॅनाचं ‘मिसेस विल्क्स’ वेगळ्या तऱ्हेचं : दहा अनोळखी माणसं एका टेबलाला, मध्ये चिकन आणि डझनभर भाज्यांचे वाडगे, हवं तितकं वाढून घ्या. फक्त कामाच्या दिवशी, फक्त दुपारी, माणशी तीस डॉलरच्या आसपास. रोख जवळ असू द्या. भूक सपाटून असेल तरच हे पैसे वसूल होतात.

केंटकीतल्या कॉर्बिनला सँडर्सचं जुनं कॅफे आहे, केएफसीचा जन्म तिथला. आंतरराज्य ७५ वरून जातच असाल तर जुनं स्वयंपाकघर आणि मोटेलची नमुन्याची खोली पाहायला अर्धा तास द्या. चिकन मात्र कुठल्याही केएफसीत मिळतं तेच.

सोबत शाकाहारी कुणी असेल तर त्यांचं जेवण आधीच ठरवा. कोलार्ड, घेवडा, पिंटो बीन्स या निरुपद्रवी दिसणाऱ्या भाज्या बहुधा डुकराच्या हाडाबरोबर किंवा बेकनबरोबर शिजलेल्या असतात. तळलेली भेंडी चिकनच्याच तेलातून निघते. सुरक्षित म्हणजे मॅकरोनी-चीज, स्लॉ आणि रताळं, तेही विचारूनच. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर तेल कोणतं ते विचारा. शेंगदाण्याचं तेल इथे सर्रास वापरतात.

टिपेबद्दल घरात वाद होतात. टेबलावर वाढणारा माणूस असेल तर १८ ते २० टक्के द्यायचेच, कारण टेनेसी, जॉर्जिया, मिसिसिपी, अलाबामा, लुइझियाना या राज्यांत टिप घेणाऱ्याचं किमान वेतन तासाला अवघं २.१३ डॉलर आहे आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. काउंटरवर पैसे देताना पडदा फिरवून टिप विचारतात तिथे एक-दोन डॉलर पुरे, नाही दिले तरी कुणी काही म्हणत नाही.

रविवारी आणि सोमवारी पुष्कळ जुनी दुकानं बंद असतात. जी उघडी असतात तिथे रविवारी चर्च सुटल्यावर गर्दी उसळते. उरलेलं चिकन दोन तासांत फ्रिजमध्ये जायला हवं, उन्हाळ्याच्या तापलेल्या गाडीत तर तासाभरातच. मोटेलच्या मायक्रोवेव्हमध्ये मात्र ते घालू नका, आवरणाचा लगदा होतो. सकाळी थंडच खा, वरून हॉट सॉस.