आधी थांबायला शिका

नगरच्या माणसाला गाड्यांचं वेड लहानपणापासूनच असतं. वाहननगरला व्हीआरडीई आहे, लष्करी वाहनांवर संशोधन आणि चाचण्या करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा. आर्मर्ड कोरचं केंद्र आणि त्यांची शाळा आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. लूना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखाना इथलाच. माझं गॅरेज नागापूर एमआयडीसीत आहे. तिथे कामाला येणारी पोरं आवाजावरून इंजिन ओळखतात.

गेल्या काही वर्षांत गावाच्या दारांत उभ्या असलेल्या गाड्या बदलल्या. सावेडीत, संगमनेरात, राहात्यात दोनशे-तीनशे हॉर्सपॉवरच्या गाड्या आल्या. कुणाची जमीन विकली गेली, कुणाचा धंदा चालला, कुणी कर्ज काढलं. त्यात वाईट काही नाही. चांगल्या यंत्राची हौस मलाही आहे. वाईट हे की ही गाडी चालवायला कुणी शिकवत नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गियर, क्लच आणि आठचा आकडा शिकवतात. त्यानंतर पोरगं थेट इमामपूर घाटात नाहीतर रात्रीच्या समृद्धी महामार्गावर जातं. मग ती गाडी क्रेनवर लादून माझ्याकडे येते. एअरबॅगा फुटलेल्या, पुढचं चाक आत घुसलेलं, आणि बहुतेक वेळा बापाचा एकच प्रश्न, ‘गाडी एवढी महागाची, मग थांबली कशी नाही?’

या प्रश्नाचं उत्तर नीट देता यावं म्हणून मी चेन्नईला ट्रॅकवर शिकायला गेलो. श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, एक फेरी ३.७ किलोमीटरची. भारतातल्या शर्यतींचं ते जुनं घर. दुसरा ट्रॅक कोइम्बतूरला, कारी मोटर स्पीडवे, लहान आणि वळणावळणांचा. तिसरा ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ साली फॉर्म्युला वन आली होती. पाच किलोमीटरहून मोठा, आणि त्याचा एक सरळ पट्टाच किलोमीटरभर लांब. नवख्याने शेवटच्या ट्रॅकवर पहिल्यांदा जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे गाडीचा वेग इतका चढतो की शिकण्याऐवजी माणूस नुसता सावरत बसतो.

चेन्नईत सकाळ वर्गात गेली. पहिला धडा झेंड्यांचा. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सगळं थांबलं, सावकाश पिटमध्ये या. निळा म्हणजे मागून तुमच्याहून वेगवान गाडी येतेय, तिला जाऊ द्या. पिवळ्यावर लाल पट्टे असलेला म्हणजे रस्ता निसरडा, कुणाचं तरी ऑइल सांडलंय. झेंडे पाठ झाल्याशिवाय कुणालाही गाडीत बसू दिलं नाही. मला ते फार आवडलं.

मग बसण्याची पद्धत. पाठ पूर्ण टेकलेली, हात सरळ केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. आपल्याकडे जोरात गाडी चालवणारी पोरं सीट मागे पाडून, एका हाताने स्टिअरिंग धरून बसतात. त्या बैठकीतून ब्रेकवर पूर्ण जोर देताच येत नाही. पाय पेडलवर पोचतो, पण अंगाचा जोर पोचत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मोडलेल्या गाड्यांत सीट कुठे सरकवलेली होती ते मी आता आवर्जून बघतो.

शिकवायला जी गाडी दिली ती स्पोर्ट्स कार नव्हती. मारुती-सुझुकीच्या साध्या इंजिनावर चालणारी, एकआसनी, उघड्या चाकांची फॉर्म्युला एलजीबी होती. आणि त्यातही पहिला सराव असा, की तिसरा गियर टाकायचा, तो बदलायचा नाही, आणि ब्रेकला पाय लावायचा नाही. फक्त ॲक्सिलरेटर. ऐकायला सोपं वाटतं. पण ब्रेक नसला की वळणात शिरायचा वेग आधीच ठरवावा लागतो, त्यासाठी नजर लांब टाकावी लागते, आणि वळण बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर असं पूर्ण रुंदीत घ्यावं लागतं. दोन-तीन फेऱ्यांत कळतं की आपण आजवर बोनेटच्या टोकाकडे बघत गाडी चालवत होतो. आमचे प्रशिक्षक पिटच्या भिंतीवर उभे राहून एवढंच बघायचे, की वळणाच्या आधी चालकाचं हेल्मेट कुणीकडे फिरतंय.

या गरीब गाड्यांना कमी लेखू नका. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुतीचे सुटे भाग वापरून स्वस्तातल्या रेसिंग कार उभ्या केल्या, आणि २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय, नारायण कार्तिकेयन, याने शर्यतीची सुरुवात अशाच फॉर्म्युला मारुतीतून केली. मुंबईचा जेहान दारुवाला २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा पहिला भारतीय ठरला. तो कार्टिंगमधून वर आला. आपल्या कोल्हापुरातही मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. ज्यांना खरोखर वेगात जायचं होतं ते सगळे छोट्या गाडीतून गेले.

नंतर ब्रेकचा धडा आला, आणि बापांच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालं. वेग दुप्पट झाला की थांबायला अंतर चौपट लागतं. कोरडं डांबर, चांगले टायर आणि पूर्ण दाबलेला ब्रेक धरून ताशी १०० वरून गाडी साधारण ४० मीटरमध्ये थांबते. २०० वरून तिला १६० मीटरच्या आसपास लागतात. शिवाय डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंदभर जातो. २०० च्या वेगात तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढे गेलेली असते. गाडीची किंमत यातलं काहीही बदलत नाही. महाग गाडी तो वेग लवकर आणि आवाज न करता गाठते, इतकाच फरक. म्हणून तिच्यात धोका उशिरा जाणवतो.

ब्रेक दाबायचा कसा हेही शिकावं लागतं. रस्त्यावर आपण आधी हलका आणि मग जास्त दाबतो. ट्रॅकवर सरळ पट्ट्यातच, पहिल्या झटक्यात पूर्ण जोर, आणि वळण जवळ येईल तसतसा पाय सोडत जायचं. एबीएस चालू झाला की पेडल पायाखाली खडखडतं. काहीतरी मोडलं असं वाटून नवखा पाय उचलतो आणि नेमकं तिथेच अंतर वाढतं. पाय उचलू नका, खडखडू द्या. टायरची पकड ही एकच भाकरी आहे. ब्रेकने सगळी खाल्ली तर वळायला काही उरत नाही. वळणाच्या मध्यात घाबरून ब्रेक मारला की गाडी एकतर सरळ पुढे जाते, नाहीतर मागची बाजू फिरते. घाटातल्या बहुतेक अपघातांचं कारण मला तिथे, उघड्या मैदानात, दिसलं.

दुपारच्या सत्रात ज्यांनी स्वतःच्या गाड्या आणल्या होत्या त्यांना ट्रॅक मोकळा केला. पुण्याच्या एका ओळखीच्या गृहस्थांच्या जर्मन गाडीत मी शेजारी बसलो. दोन वेगवान फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश, ब्रेक गार करण्यासाठी, असं सकाळीच सांगितलं होतं. पण गाडी सुरेख पळत होती, आणि त्यांनी तिसरी फेरीही त्याच जोरात घेतली. सरळ पट्टा संपताना त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल थेट तळाला टेकलं. त्यांनी पाय उचलून पुन्हा पुन्हा मारला, गियर खाली घेतला, स्टिअरिंग सरळ धरलं. गाडी ट्रॅक सोडून कडेच्या मोकळ्या जागेत गेली, मातीत खडखडत बरीच पुढे जाऊन थांबली. केबिनमध्ये जळक्या पॅडचा तिखट वास भरला होता. आम्हा दोघांना खरचटलंही नाही, कारण तिथे समोर झाड नव्हतं, माणूस नव्हता, उसाची ट्रॉली नव्हती.

पॅडॉकमध्ये गाडी गार झाल्यावर मी ब्लीड निपल सैल करून ब्रेक ऑइल काढून पाहिलं. काळपट तपकिरी. शेवटचं कधी बदललं याची सर्व्हिस बुकात नोंदच नव्हती. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा शोषला की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल रिकामं जातं. इंजिन, टायर, पॅड सगळं उत्तम असूनही काही शे रुपयांच्या बाटलीपायी गाडी थांबत नाही.

तेव्हा ट्रॅकवर जाण्याआधी एवढं करा. ब्रेक ऑइल नवं भरा आणि पॅडची जाडी मोजा, चाक न काढता अंदाज बांधू नका. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी जुना कडक टायर ट्रॅकवर नेऊ नका. टायर तापले की हवेचा दाब वाढतो, म्हणून प्रत्येक सत्रानंतर तपासा. चाकाचे नट टॉर्क पानाने आवळा, आणि पहिल्या सत्रानंतर पुन्हा. गाडीतली पाण्याची बाटली, मोबाइल, देवाची मूर्तीसुद्धा काढून घरी ठेवा; घरंगळत पेडलखाली गेलेली बाटली ब्रेक अडवते. पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, सुती कपडे, पातळ तळव्याचे बंद बूट. सत्र संपल्यावर तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढू नका, गियरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावा. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायची भाषा पहिल्या वर्षी तरी नको.

विम्याचं आधीच विचारा, तेही लेखी. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ट्रॅकवर ठोकलेल्या गाडीचा खर्च खिशातून जाणार असं धरूनच निघा. म्हणूनही माझा सल्ला असा, की पहिल्यांदा प्रशिक्षण शाळेच्या गाडीतच शिका.

आणि रस्त्याबद्दल. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. गळीत हंगामात रात्री नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, कित्येकांना मागे रिफ्लेक्टर नसतो, टेललाइट तर नसतोच. समृद्धी शिर्डीपर्यंत २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली. सरळ रुंद काँक्रीट दिसलं की तो ट्रॅक वाटतो. पण ट्रॅकवर सगळ्या गाड्या एकाच दिशेने, एकाच हेतूने धावतात, प्रत्येक वळणावर झेंडेवाला असतो, रुग्णवाहिका चालू इंजिनाने उभी असते. समृद्धीवर पुढच्या गाडीत झोपलेलं पोर असतं. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दुचाकीवरचे दोन तरुण अभियंते गेले. गाडी अल्पवयीन मुलगा चालवत होता, असा गुन्हा नोंदला गेला. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली कैदेचा गुन्हा आहे. पण गेलेल्या माणसाच्या घरी कलमाचा काही उपयोग नसतो.

आईबापांनो, दसऱ्याला किंवा पाडव्याला दारात जोरदार गाडी आणणार असाल तर बुकिंगच्या वेळीच मुलाच्या ट्रॅक प्रशिक्षणाचे पैसे बाजूला काढा. अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टीम नंतर बघता येईल. गाडीची पूजा झाली की किल्ली त्याच्या हाती देण्याआधी त्याला चेन्नईला किंवा कोइम्बतूरला पाठवा. लांब पडत असेल तर कोल्हापूरला कार्टिंगपासून सुरुवात करा. परत आल्यावर त्याच्या शेजारच्या सीटवर बसा आणि मोकळ्या जागेत ताशी ६० वरून त्याला पूर्ण ब्रेक मारायला सांगा. एबीएस खडखडला आणि त्याने पाय उचलला नाही, तर किल्ली द्या.